इल्मारचं इंजिन

आमच्या गावात एखादं काम रखडलं की लोक म्हणतात, "त्याचं इल्मारचं इंजिन झालं." चर्चच्या छपराची डागडुजी वर्षानुवर्षं लांबली तेव्हा खुद्द पाद्रीबाबांनी भर सभेत हे म्हटलं होतं, आणि इल्मार हौटला तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होता. सगळे हसले. तोही जरासा हसला. शेजारी बसलेली माझी बहीण आर्लीन मात्र शरमेने लाल झाली. ती त्याची बायको होती.

म्हणजे मी इल्मारची मेहुणी. नाव आयरीन. माझा नवरा होता तोवर आम्ही दोघं मिळून बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइल आणि लाकूडतोडीच्या पेट्रोलवरच्या करवती दुरुस्त करायचं दुकान चालवायचो. तो इंजिनं उघडायचा, कार्बोरेटर माझ्याकडे असायचे. माझी बोटं बारीक आणि स्वभाव तापट. कार्बोरेटरला दोन्ही लागतं, कारण थंड डोक्याचा माणूस थोडी घाण राहिली तर "चालतंय" म्हणतो.

इल्मार थंड डोक्याचा. त्याने जन्मभर काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, बर्फ ढकलायचा ट्रक चालवला. आमच्याकडे नोव्हेंबरात पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही, त्यामुळे ट्रकवाल्याला गावात पाद्र्याइतकाच मान. बाकीचे ड्रायव्हर रस्ता साफ करताना सगळा बर्फ लोकांच्या फाटकासमोर लोटून जायचे आणि मग घरच्यांनी फावडं मारत मरायचं. इल्मार विधवांच्या फाटकांशी आला की ट्रकचं पातं तिरकं करून उचलायचा. मी विधवा झाले त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच माझं फाटक मोकळं दिसलं, तेव्हा मला हे कळलं. मी आभार मानायला गेले तर म्हणाला, "पातं जरा अडकतं तिथे."

असा माणूस. तोंडात सदा मिठाची गुळणी. शनिवारी सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, आम्ही सगळे घामाघूम होऊन जगाच्या गप्पा मारायचो, आणि हा तापलेल्या दगडांवर पाणी ओतायचा. आर्लीन म्हणायची, "मी लग्न केलं तेव्हा वाटलं लाजतोय. बोलेल हळूहळू." चाळीस-पन्नास वर्षं तिने वाट पाहिली.

त्यांचा एकुलता एक मुलगा कर्टिस. तो बापासारखा नव्हता, आमच्या माहेरच्या वळणावर गेला होता; बोलका, हट्टी, जरा मस्तीखोर. एकोणिसाव्या वर्षी लाकडाच्या गिरणीत राबून त्याने एक जुनी जपानी मोटरसायकल घेतली. टर्बोवाली. अशा गाड्या थोडी वर्षंच निघाल्या आणि बंद पडल्या. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. मूठ पिळली की आधी काहीच होत नाही. एक श्वास घ्यावा इतका वेळ जातो, आणि मग मागून कुणी लाथ घालावी तशी गाडी सुटते. सरळ रस्त्यावर ही मजा आहे. वळणात गाडी कललेली असताना ती लाथ बसली, तर मजा करणारा शिल्लक राहीलच असं नाही.

त्या हिवाळ्यात कर्टिस गिरणीच्या जंगलातल्या तळावर राहायला गेला, आणि इल्मारने तळघरात गाडीचं इंजिन उघडलं. म्हणाला, "खडखडत होतं. बेअरिंग गेलेत." वसंत ऋतू आला, बर्फ वितळला, घसरू नये म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ धुऊन गेलं, गावातली पोरं गाड्या काढून बाहेर पडली. कर्टिसची गाडी खोक्यांत. "भाग यायचेत," इल्मार म्हणाला. जून गेला, जुलै गेला. ऑगस्टात बापलेकांचं भांडण झालं. म्हणजे भांडला एकटा कर्टिसच, बाप खाली मान घालून उभा. कर्टिस बॅग भरून मिलवॉकी शहरात गेला, कारखान्यात यंत्रं बसवायच्या कामाला लागला, आणि तिथलाच झाला. नाताळला कार्ड पाठवायचा, आईच्या नावाने.

आर्लीन नवऱ्याला घालूनपाडून बोलायची. माझ्यासमोर, पाहुण्यांसमोर, कुणाहीसमोर. "एवढंसं इंजिन जोडलं असतंस, तर पोरगा घरात राहिला असता. तुझ्या आळसाने माझा मुलगा नेला." मी तिचीच री ओढायचे. तो प्लेट उचलून मोरीत ठेवायचा आणि खाली तळघरात जायचा. तीसेक वर्षं हे भिजत घोंगडं तसंच राहिलं. आर्लीन गेली तेव्हा कर्टिस आला, शवपेटीला खांदा दिला, आणि त्याच दिवशी परत फिरला.

गेल्या हिवाळ्यात इल्मार माझ्या दारात येऊन उभा राहिला. हात थरथरत होते. हे मी आधीच पाहिलं होतं, पण त्याने ते खिशात घालून लपवले नाहीत, हे नवीन होतं.

"घर विकतोय," तो म्हणाला. "जूनमध्ये म्हाताऱ्यांच्या इमारतीत जायचं. तळघर नाही तिथे."

"मग?"

"कर्टिसला फोन केला. गाडी घेऊन जा म्हटलं. येतो म्हणाला, एक दिवस." मग माझ्या दाराच्या कडीकडे बघत म्हणाला, "चालू करून द्यायची आहे. माझ्याने नट धरवत नाही आता."

मी जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून इतकी वाक्यं सलग ऐकली. त्याला काय हवंय ते लख्ख कळलं. मुलगा शेवटचा एकदा या घरात येणार होता. त्यानंतर बोलावायला ना घर उरणार होतं, ना निमित्त.

"तीस वर्षांनी जाग आली होय रे तुला?" मी म्हटलं. कोट चढवला आणि त्याच्यासोबत निघाले.

तळघरात गेले तेव्हा मला वाटलं होतं, गंजलेला ढिगारा मिळेल. खोकी ओळीने मांडलेली होती. एकेक भाग मेणकागदात गुंडाळलेला. इंजिनाच्या झाकणांचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, चुकीच्या भोकात लांब बोल्ट पिळला की धातूला तडा जातो. म्हणून जुने कारागीर पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढतात आणि ज्या जागचा बोल्ट त्याच जागी टोचून ठेवतात. इल्मारने प्रत्येक झाकणाचा असा पुठ्ठा केला होता. आळशी माणूस इतका जीव ओतून काही उघडत नाही. मी एक कागद सोडला. आतला कॅमशाफ्टचा दांडा तेलाने चकचकत होता. बोटाला लावून वास घेतला, तर तेल नवं. या हिवाळ्यातलं.

"हे कुणी लावलं?"

"मी लावतो. दर वर्षी. गंजू नये म्हणून."

इथेच कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळायला हवं होतं. पण तेवढ्यात मी कार्बोरेटर पाहिले आणि माझं डोकं फिरलं. चार कार्बोरेटर, सगळे जसे काढले तसेच, आतलं पेट्रोल न ओतता ठेवलेले. पेट्रोल कधीच सुकलं होतं आणि त्याची तपकिरी लाख होऊन सगळी भोकं बुजली होती. झाकण काढलं तर सगळ्या तळघरात जुन्या रंगाच्या डब्याचा वास सुटला.

"अरे देवा, इल्मार! बाकी सगळ्याला तेल पाजलंस आणि हे असे सोडलेस?"

"डिझेलच्या ट्रकला कार्बोरेटर नसतो," तो म्हणाला. बिचारा खरंच ओशाळला होता.

मी ते घरी आणले. रबराचं जे काही होतं ते आधी काढून बाजूला ठेवलं, कारण रसायनात रबर फुगतं आणि या गाडीचे सगळे रबर आता मिळत नाहीत. साध्या गाडीत हे सील जरा सैल झाले तरी भागतं, पण इथे टर्बो कार्बोरेटरमध्ये दाबाने हवा ढकलतो, म्हणजे जरा फट राहिली की पेट्रोल बाहेर फवारणार, तेही गरम इंजिनावर. मग कार्बोरेटरचे सांगाडे फरशी पुसायच्या, देवदाराच्या वासाच्या द्रावणात बुडवले. आर्लीनचं मुरंबे करायचं मोठं पातेलं माझ्याकडे राहिलं होतं, त्यातच. दुसऱ्या दिवशी घासायला बसले. जेट म्हणजे पितळेची एवढीशी गोळी, तिच्यातून केसाएवढं भोक. ते जाड तारेने कोचायचं नसतं, भोक मोठं झालं तर गाडी कायमची बिघडली. गिटारची सर्वांत बारीक तार घ्यायची, अलगद फिरवायची, फुंकायचं, दिव्यासमोर धरायचं. उजेडाचा गोल ठिपका दिसला की ते झालं. मला या कामात अजून आनंद होतो. खिडकीबाहेर बर्फ पडत असतो, चुलीवर कॉफी असते, आणि एकेक भोकातून उजेड येत जातो.

कार्बोरेटर उरकले आणि मी इंजिनाकडे वळले. रोज सकाळी इल्मारकडे जायचं, तो मांस-बटाटा भरलेली पास्टी गरम करून ठेवायचा, खायची आणि कामाला लागायचं. तो माझ्यामागे स्टुलावर बसून भाग हातात द्यायचा. सिलिंडर पाहिले. नव्या सिलिंडरच्या भिंतीवर बारीक तिरक्या रेघा असतात, वापराने त्या पुसट होतात. इथे त्या ठळक होत्या. टर्बोचा पंखा धुतला आणि बोटाने फिरवला, तर भोवऱ्यासारखा फिरत राहिला. शेवटी बेअरिंग काढले. क्रँकशाफ्टखाली, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याखाली, बसतात त्या छोट्या वाट्या. झिजल्या की वरचा राखाडी थर जातो आणि खालचं तांबं दिसतं. आमचा सगळा मुलूख तांब्याच्या खाणींवर जगला, पण बेअरिंगमध्ये तांबं दिसलं की इथला माणूस तोंड वाकडं करतो.

एकाही वाटीत तांबं दिसेना. तीही राखाडी, तीही राखाडी, तीही. मी चष्मा पुसला, खिडकीशी नेऊन पाहिलं, माप घेतलं.

"इल्मार, हे चांगले आहेत."

त्याने एक नवी पुडी पुढे केली. कुठून तरी मागवलेले नवेकोरे बेअरिंग. "हे टाक. ते फेकून दे."

"अरे, पण हे चांगले आहेत! या इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं!"

"माहीत आहे," तो म्हणाला.

मी पाना खाली ठेवला. आमचं सगळं घर ज्या एका गोष्टीवरून तुटलं, ती घडलीच नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं. "तू बोलणार आहेस, की हे इंजिन परत खोक्यात भरू?"

तो बोलला. थांबत थांबत, पण बोलला. कर्टिसने गाडी घेतली त्या ऑक्टोबरात इल्मार सरोवराकाठच्या मोठ्या वळणावर रस्त्याच्या कडेला खडी भरत होता. ट्रक झाडीत उभा केलेला. त्याला गाडीचा आवाज आला. कर्टिस वळणात शिरला, आणि अर्ध्या वळणात टर्बो जागा झाला. गाडी रेषा ओलांडून पलीकडे गेली. समोरून ओंडक्यांनी भरलेला ट्रक. "मला वाटलं, गेला," इल्मार म्हणाला. "माझ्या हातात फावडं होतं. मी ते घट्ट धरून उभा राहिलो." ट्रकवाल्याने कसाबसा ट्रक बाहेर काढला. कर्टिसची गाडी त्याला चाटून निसटली आणि दिसेनाशी झाली.

"मग सांगायचंस ना त्याला! बंदी घालायचीस!"

"बंदी घातली असती तर जास्त जोरात चालवली असती. तुझाच भाचा तो. मोडलेल्या गाडीवर कुणी रागावत नाही. वाट बघतं. म्हटलं एक उन्हाळा जाऊ दे, थोडी अक्कल येईल, मग जोडीन. तो ऑगस्टातच गेला."

"आणि आर्लीन? तिला तरी?"

"तिने लगेच फोन केला असता त्याला. बाप खोटं बोलला हे त्याला कळलं असतं."

मला भयंकर संताप आला. माझी बहीण आळशी नवऱ्याची लाज वाटून घेत मेली, आणि हा प्रत्येक हिवाळ्यात खाली येऊन इंजिनाला तेल लावत होता! मी त्याला नको नको ते बोलले. तो सगळं ऐकून घेत राहिला. ऐकून घेण्याची सवय त्याला आम्हीच लावली होती.

शेवटी मी म्हटलं, "नवे बेअरिंग टाकते. पण दुकानाचा नियम तुला माहीत आहे. जुना माल मालकाला परत जातो, म्हणजे आपण काय बदललं ते त्याला दिसतं. आणि गाडीचा मालक तू नाहीस. मी कर्टिसच्या हातात या वाट्या देणार. त्याआधी तू बोल."

"तो परत येणार नाही, आयरीन."

"एरवी तरी कुठे येतो?"

मी इंजिन जोडलं. मे महिन्यात गाडी गॅरेजमध्ये सुरू झाली. आधी खोकली, धूर ओकला, मग चारही सिलिंडर एका सुरात लागले. कार्बोरेटरच्या जोडांवर मी साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा आला नाही. त्या संध्याकाळी मी इल्मारला विचारलं, "फोन केलास?" "करतो," म्हणाला. मी रोज विचारलं. तो रोज "करतो" म्हणाला. शेवटी जून आला आणि त्याच्याबरोबर कर्टिस.

पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, टक्कल पडलेला माणूस गाडीतून उतरला आणि मला म्हणाला, "मावशी, तू अजून तशीच रागावलेली दिसतेस." मी त्याला मिठी मारली. बापाशी त्याने हस्तांदोलन केलं, शेजारच्याशी करतात तसं. गॅरेजमध्ये आला. गाडीभोवती एक फेरी मारली. इंजिन सुरू केलं, डोकं कलतं करून ऐकलं, बंद केलं.

"छान चालतंय," तो म्हणाला. "नवे बेअरिंग टाकले?"

"हो," मी म्हणाले आणि थांबले. माझ्या खिशात जुन्या वाट्यांची पुडी होती. मी इल्मारकडे पाहिलं. मनात म्हटलं, बोल रे बाबा, आता तरी बोल. त्याने हात पुढे केला. मी पुडी त्याच्या हातावर ठेवली, आणि त्याने ती मुलाला दिली.

कर्टिसने वाट्या तळहातावर ओतल्या. त्याचं आयुष्य यंत्रांत गेलेलं. अंगठा एकदा फिरवला आणि त्याचा चेहरा बदलला. "यांना काय झालंय?"

"काही नाही," इल्मार म्हणाला. "कधीच काही झालं नव्हतं. मी खोटं बोललो." आणि मग त्याने ते वळण, ती खडी, तो ओंडक्यांचा ट्रक, सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून जास्त सांगितलं. फावड्याचा दांडा इतका घट्ट धरला होता की सोडवेना, कामावरच्या दुसऱ्या माणसाने येऊन बोटं सोडवली, हे मला माहीत नव्हतं.

कर्टिस उलट्या बादलीवर बसला आणि म्हणाला, "तू तिथे होतास?"

"होतो."

"मी पुढे जाऊन गाडी थांबवली, बाबा. गवतात बसून ओकलो. उठता येईना. परत कधी ती गाडी जोरात चालवली नाही मी." त्याने वाट्या मुठीत धरल्या. "गिरणीत एकाला सांगितलंही होतं, वसंतात गिऱ्हाईक बघ म्हणून. विकणार होतो मी ती."

इल्मारचं तोंड उघडंच राहिलं. "मग मला का नाही बोललास?"

"तुला? काय सांगू? घाबरलो म्हणून विकतोय? तुला कधी कशाला घाबरलेलं मी पाहिलंच नव्हतं. मला वाटलं, हसशील." मग म्हणाला, "आणि नंतर वाटलं, मी ही गाडी चालवायच्या लायकीचा नाही असं तुला वाटतंय. म्हणून उघडून टाकलीस."

"छे रे," इल्मार म्हणाला. "छे, छे." तो पुढे झाला आणि त्याने मुलाच्या टकलावर हात ठेवला. तो हात तिथेही थरथरत होता. कर्टिसने तो दोन्ही हातांनी धरला.

मी घरात गेले. सगळं सामान बांधून झालेलं होतं, स्वयंपाकघरात फक्त आर्लीनचा फोटो भिंतीवर राहिला होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि बाहेरच्यांना ऐकू गेलं तर जाऊ दे म्हणून मोठ्यानेच बोलले.

"आळशी नव्हता गं तो, आर्लीन. घाबरला होता."